चार ते सहा

आमच्या इमारतीत कॉम्प्युटर बिघडला की लोक दुकानात जात नाहीत, माझ्या दारात येतात. एका छापखान्याच्या कचेरीत मी ही यंत्रं सांभाळतो, एवढाच माझा गुन्हा. "जरा नुसतं बघता का?" असं म्हणतात आणि त्या 'नुसतं'पायी माझे रविवार जातात. मी कपाळाला आठ्या घालतो, पायात चपला सरकवतो आणि जातो. वरच्या मजल्यावरच्या भाऊंनी मात्र मला कधी बोलावलं नाही. कुणाला त्रास द्यायचा म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा यायचा. मला फोन केला तो त्यांच्या मुलीने, परदेशातून.

भाऊ म्हणजे पाणीपुरवठ्यातले निवृत्त चावीवाले. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, छातीएवढ्या उंचीची चावी आत घालायची, ठरल्या वेळेला पाणी सोडायचं आणि ठरल्या वेळेला बंद करायचं, हे त्यांनी एकतीस वर्षं केलं. वेळ लिहायची, खाली सही करायची. मुलीच्या लग्नात पाहुणे जेवायला बसलेले असताना हे गृहस्थ सायकल काढून पाण्याची झडप बंद करून आले होते. बदली माणूस होता, पण त्याच्यावर यांचा भरवसा नव्हता. वहिनी ही हकिकत आल्यागेल्याला सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "नशीब माझं, स्वतःच्या लग्नाला तरी रजा काढली होती!"

सांगायच्या, म्हणजे बोलता येत होतं तोवर. मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिले ते डोळे आणि डाव्या हाताची बोटं. डॉक्टरांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं की आता महिना, फार तर दोन. आणि तिकडे मुलगी, जिला तिशी उलटली तरी घरात सगळे छोटीच म्हणत, सातव्या महिन्यात. तिच्या डॉक्टरांनी तिला विमानच काय, जिनाही चढू नको म्हणून बजावलेलं. आईचे डोळे मिटण्याआधी तिची भेट व्हायची असेल तर ती त्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमधूनच होणार होती.

जावयाने एक प्रोग्राम पाठवला होता. पलंगाच्या पायथ्याशी कॅमेरा लावायचा. छोटीने तिकडून जोडून घेतलं की तिला खोली दिसणार, तिचा आवाज इकडे ऐकू येणार. भाऊंनी काहीच दाबायचं नाही, इतकं सोपं. फक्त ते जोडलं जात नव्हतं. आठ दिवस छोटी तिकडे रडत होती आणि भाऊ इकडे पडदा पुसत होते.

रविवारी मी जाऊन बसलो. तासभर डोकं खाजवलं. शेवटी कुणाला आत घेतलं नाही याची नोंद ठेवायची सोय चालू केली आणि चोर सापडला.

"फायरवॉल अडवतंय," मी म्हणालो.

"म्हणजे काय?"

"कॉम्प्युटरच्या आतच एक भिंत असते हो. बाहेरून कुणी घुसू नये म्हणून. छोटी बाहेरून येतेय, तर ती तिलाही हाकलून देतेय."

"घरच्या मुलीला?" भाऊ म्हणाले. त्यांना खरोखरच राग आला होता.

मी फायरवॉल सरसकट बंद केलं. पडद्यावर लाल खूण आली, तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित नाही वगैरे. मी तिच्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्याच मिनिटाला स्पीकरच्या छोट्या डब्यातून आवाज आला, "आई?"

वहिनींची बोटं चादरीवर हलली. आधी दोन, मग चारही. भाऊ भिंतीला टेकून उभे राहिले. मला एकदम आठवलं की माझं घरी काहीतरी काम आहे, आणि मी उठलो. कुणाच्या घरात रडायची मला सवय नाही.

दारात त्यांना बजावलं, "हे दिवसभर असं ठेवू नका बरं. बोलणं झालं की भिंत परत उभी करा. नाहीतर कोणीही आत शिरेल."

"किती ते किती?"

"अहो, बोलणं झालं की."

"तसं नको. वेळ सांगा. वेळ ठरलेली असली की चूक होत नाही."

मला भूक लागली होती. "चार ते सहा," मी म्हणालो. इकडचे चार म्हणजे तिकडची सकाळ, एवढाच त्यामागचा विचार. भाऊंनी खिशातून वही काढली, वेळ आणि माउसची टिचकी कुठे मारायची ते लिहून घेतलं, आणि कधी नव्हे ते हसले. "भिंत बंद केली की वाट चालू. उलट्या आट्याची झडप आहे म्हणा की!"

पुढचे सात आठवडे रोज चारच्या ठोक्याला भिंत पडायची आणि सहाच्या ठोक्याला उभी राहायची. पावणेचारला भाऊ वहिनींचे केस विंचरायचे. त्यांना ते अजिबात जमत नसे. भांग कानाकडे जायचा आणि छोटी तिकडून ओरडायची, "बाबा, आईचं काय करून ठेवलंत!" मग वहिनींची बोटं हलायची. ते त्यांचं हसणं होतं, असं भाऊंचं ठाम मत. छोटी काही फार बोलायची नाही. भाजी चिरायची, पुस्तक वाचायची, पोटातल्या लाथांची खबर द्यायची. दोन तास ती त्या खोलीत राहायची, इतकंच. सहा वाजता "येते गं आई" म्हणायची. भाऊ जाऊन भिंत उभी करायचे, वहीत वेळ लिहायचे, सही करायचे. मी चेष्टा केली, "भाऊ, वही तपासायला साहेब येणार आहेत का?" ते म्हणाले, "तुम्ही आहात ना!"

तो दिवस गुरुवार होता. सातला दहा मिनिटं कमी असताना भाऊ माझ्या दाराशी आले. पायात चपला नव्हत्या. "जरा वर येता का? ही गेली," असं म्हणाले, चुकून त्यांच्याकडे गेलेलं माझं पत्र द्यायला आल्यासारखं.

छोटीला कळवायचं माझ्यावर आलं. मी खाली माझ्या घरातून फोन लावला. पहिली घंटा पुरती वाजायच्या आत तिने उचलला. मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "काका, आई गेली ना?" माझ्या तोंडून फक्त हुंकार निघाला.

भाऊ मला सगळं बोलले ते दहा दिवसांनी, जिन्यात बसून.

"सहाला छोटी 'येते' म्हणाली. मी बंद करून सही केली. पाचच मिनिटं झाली असतील, हिचा श्वास बदलला. मी हात धरला. ही माझ्याकडे बघत नव्हती हो. त्या डब्याकडे बघत होती. पोरीचा आवाज येईल म्हणून. मी परत चालू करू शकलो असतो. चार पावलांवर तर होतं. पण उठलो असतो तर हात सुटला असता. बाहेर फोन वाजत होता, तोही घेतला नाही. पाऊण तास ही वाट बघत होती आणि मी भिंत घालून बसलो होतो."

"भाऊ, तुम्हाला काय ठाऊक होतं?"

"मला वेळ ठाऊक होती," ते म्हणाले. "तेवढीच ठाऊक होती."

दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेलेले बघून, त्यांनीच ठेवायला दिलेल्या किल्लीने मी वर गेलो आणि फायरवॉलची ती नोंद उघडली. नको होतं उघडायला. त्या गुरुवारी सहा वाजून सात मिनिटांपासून पावणेसातपर्यंत छोटीच्या कॉम्प्युटरच्याच पत्त्यावरून आत यायचा प्रयत्न झाला होता. तेवीस वेळा. तेवीस वेळा हाकलून दिल्याची नोंद होती, सेकंदासकट. कशी कोण जाणे, पण छोटीला चाहूल लागली होती. मी ते कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर छोटी आली. भाऊ इतके वाळले होते की तिने दारातच तोंडावर हात घेतला. मला चहाला बोलावलं. बाळ सतरंजीवर पालथं पडून स्वतःचीच मूठ चोखत होतं. कप खाली ठेवून भाऊ ताठ बसले, साहेबापुढे बसावं तसे.

"छोटे, त्या दिवशी सहाला मी बंद केलं. तुझी आई त्यानंतर पाऊण तास होती. वाट तुझीच बघत होती. चालू करता आलं असतं, मी केलं नाही. हे तुला सांगायचं राहिलं होतं."

मी कपाकडे बघत राहिलो.

"अहो बाबा," छोटी म्हणाली, अगदी सहज, बाळाचं झबलं सारखं करत, "त्या दिवशी माझी तपासणी होती. तुमच्याशी बोलून झाल्यावर आम्ही लगेच घराबाहेर पडलो. तुम्ही चालू ठेवलं असतं तरी मी कुठे होते?"

"फोन वाजला होता."

"मी नव्हे. दुसरं कुणी असेल."

भाऊ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, कॉम्प्युटरचं सगळं मला कळतं म्हणून. मी मान डोलावली. त्यांनी डोळे मिटले, आणि वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा तो माणूस रडला, बाळ दचकून बघायला लागेपर्यंत. छोटी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. पोरीने बापासाठी केवढं ओझं स्वतःच्या डोक्यावर घेतलं ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

संध्याकाळी तिने मला परत वर बोलावलं. "काका, आता बाळ दाखवायला रोज लागेल. बाबांना हे चालू-बंदचं झंझट नको. फायरवॉल चालू ठेवून त्या एकट्या प्रोग्रामला परवानगी देता येते ना?"

येते. तेव्हाही येत होती. भिंत पाडायची गरज कधीच नव्हती, तिच्यातून एवढ्या एकाच नावाला कायमचं आत सोडता येत होतं. त्या रविवारी मला ते पुरतं ठाऊक होतं. पण यादी उघडा, नाव शोधा, खूण करा, तपासून बघा. मला भूक लागली होती आणि सगळंच बंद करणं दोन टिचक्यांचं काम होतं.

मी खुर्ची ओढली. भाऊ बाळाला खांद्यावर घेऊन माझ्या मागे उभे राहिले, वही हातात घेऊन. काम झालं. चार मिनिटं लागली.

"म्हणजे आता वेळ नाही पाळायची?" भाऊंनी विचारलं.

"नाही. कधीही येईल ती."

ते पडद्याजवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "हे तेव्हा नसतं का करता आलं?"

विचारण्यात आरोप नव्हता. त्यांना नुसतं जाणून घ्यायचं होतं. याच माणसाने सकाळी, कुणी विचारलेलं नसताना, स्वतःच्या मुलीला स्वतःची चूक सांगितली होती.

"नाही भाऊ," मी म्हणालो. "तेव्हा ही सोय नव्हती."

"मग ठीक," ते म्हणाले. त्यांचा माझ्यावर भरवसा होता. वही मिटून त्यांनी खिशात ठेवली आणि बाळाला घेऊन खिडकीशी गेले. छोटी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती या वेळी माझ्याकडे बघत होती.