अर्धा कोयता

रुक्मिणीचं हॉल तिकीट माझ्या पिशवीत होतं आणि ऊसतोड टोळीचा मुकादम नाही म्हणत होता.

आम्ही तलवाड्याच्या बाजूला उसाच्या फडात उभे होतो. दहावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. रुक्मिणी आमच्या शाळेची हुशार मुलगी, तिच्या वस्तीतून दहावीपर्यंत पोचलेली पहिलीच. मी तिची गणिताची शिक्षिका. धारूरकडच्या डोंगरपट्ट्यात आम्ही सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनी, शाळा आणि मुलींचं बोर्डिंग चालवत होतो.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. बोर्डिंगला टँकरचं पाणी आणि डोंगरावर नुसतं रान. दसरा झाला तशी सगळी वस्ती सहकारी कारखान्याची ऊसतोड करायला गेली. तोडणीच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. एकट्या माणसाला मुकादम टोळीत घेत नाही. रुक्मिणीच्या आईचं नेमकं तेव्हाच पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ओझं उचलायला सक्त मनाई केली. मग आई स्वयंपाकापुरती सोबत गेली आणि तिच्या जागी मुलगी उभी राहिली.

मी तिच्या वडिलांना फाडफाड बोलायला म्हणून कारखान्यावर गेले होते. तिथे पाहिलं तर यार्डात बैलगाड्यांची ही लांब रांग. वजनासाठी नंबर लागेपर्यंत माणसं तासन्‌तास गाडीवर बसून. रुक्मिणीही उसाच्या गाडीवर बसलेली. मी बोलायचं विसरले आणि तिथेच तिला एक उदाहरण घातलं. तेव्हापासून रविवारची चर्चमधली मिस्सा झाली की पहिली एसटी पकडायची, हा माझा नेम झाला. ती गाडीवर, मी खाली. रांग पुढे सरकली की प्रमेय अर्धं टाकून मीही गाडीबरोबर चालू लागायची. भूमिती तिथेच पुरी झाली, आणि वर्गात शिकवते त्यापेक्षा चांगली झाली.

आता फक्त परीक्षेसाठी तिला सोडायचं होतं. मुकादम माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याही मानेवर जू होतं. पाण्याविना ऊस वाळत चालला होता आणि कारखान्याला घाई झाली होती.

"शिस्टरबाई, सुट्टी मला मागता कावून?" तो म्हणाला. "कारखाना रोज गाडी मागतो. अर्धा कोयता नेताव, तर अर्धा कोयता आणून द्या."

वडील पुन्हा ऊस तोडायला वाकले. रुक्मिणीच म्हणाली, "राहू द्या बाई. मी गेले की आई मोळी उचलंल. तिच्या पोटाला ते झेपायचं नाही."

पोरगी रडत नव्हती. तिने परीक्षा मनातून कधीच सोडून दिलेली होती आणि मला तेच सहन झालं नाही.

"अर्धा कोयता मी देते," मी मुकादमाला म्हटलं.

"कुठून आणताव?"

"मीच येते."

तो हसला. मी वसईची. आमची केळीची वाडी होती, लहानपणी मी घड वाहिलेत, हे मी त्याला सांगितलं. तो आणखी हसला, पण नाही म्हणाला नाही.

माझी खरी परीक्षा आमच्या मठात, कॉन्व्हेंटमध्ये होती. आमच्या सुपिरिअर, म्हणजे घरातल्या मुख्य सिस्टर, शिस्तीच्या बाबतीत फार कडक. इतके दिवस बाहेर राहणार कुठे, त्यांनी विचारलं. उसाच्या पाल्याच्या झोपडीत, रुक्मिणीच्या आईजवळ, मी सांगितलं. वरिष्ठांना काय कळवू, त्यांनी विचारलं. गरिबांत राहायला गेली म्हणून कळवा, आपण तेवढ्यासाठीच इथे आलोय ना, मी म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच होता. मग त्यांनी उठून कपाटातून बागकामाचे हातमोजे काढले आणि माझ्यासमोर ठेवले.

रुक्मिणी बोर्डिंगमध्ये आली आणि मी फडात गेले.

बायकांनी माझ्या पांढऱ्या साडीवर एक जुना पुरुषी शर्ट चढवला. क्रूस मी शर्टाच्या खिशात ठेवला. वाढ्यांनी मोळी बांधायची असते, वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. माझी पहिली मोळी गाडीपर्यंत पोचायच्या आत सुटली. दुसरीही सुटली. "शिस्टरबाई ऊस पेरत चालल्यात," शेजारची बाई म्हणाली आणि अख्खा फड हसला. उसाचं वाळलेलं पाचट अंगाला कापत होतं, मान दगड झाली होती. केळीच्या वाडीची फुशारकी पहिल्याच दिवशी उतरली. पण मी एकही दिवस खाडा केला नाही, आणि रुक्मिणीच्या आईला एकही मोळी उचलू दिली नाही. संध्याकाळी ती माझ्या खांद्यांना तेल लावायची आणि विचारायची, आज पेपर कशाचा होता?

रुक्मिणी पास झाली. गणितात शाळेत पहिली. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की चॅपेलमध्ये देवाकडे गर्वाची माफी मागायला गेले आणि न मागताच परत आले. पुढे तिने डी.एड. केलं. आज ती चौसाळ्याकडच्या एका शाळेत गणितच शिकवते.

त्या परीक्षेनंतरच्या दसऱ्याला टोळ्या निघाल्या तेव्हा तो मुकादम बोर्डिंगच्या दारात आला. सोबत त्याची मुलगी आणि पत्र्याची पेटी.

"हिला आत्ताच ठेवून घ्या," तो म्हणाला. "परीक्षेच्या वक्ताला तुमी फडात येऊ नका. तुमच्या मोळ्या लई ढिल्या."

मोळी घट्ट बांधायला मी अजून शिकलेले नाही. मुलींच्या पेट्या ठेवायला जागा करण्यातच पुढची सगळी वर्षं गेली.