डोमकळी सापडंना

ऑफिसात किस्से कसे साठतात ते मला विचारा. हवी ती फाइल आमच्याकडं कधी सापडत नाही, पण कपाट उघडलं की किस्से मात्र अंगावर पडतात.

ऑफिस म्हणजे परभणीत बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसंही दोनच. मी शेतकी शिकलेली, समीर कॉम्प्युटरवाला. काम एकच: कापसाच्या फुलाचा फोटो काढला की ॲपनं सांगायचं, फूल निरोगी आहे की डोमकळी. डोमकळी म्हणजे आत बोंडअळी शिरलेलं फूल. अळी आतून पाकळ्या जखडून टाकते, मग ते उमलत नाही, अर्धवट मिटलेल्या गुलाबासारखं राहतं. वेळेत कळलं तर कापूस वाचतो. आमची नोकरीसुद्धा, कारण पुण्याहून पगार देणाऱ्या सरांनी बजावलं होतं, "दसऱ्याआधी शेतकऱ्यांसमोर एक डोमकळी पकडून दाखवा, नाहीतर गाशा गुंडाळा."

*

ॲपचं पहिलं मॉडेल, म्हणजे फोटो बघून शिकणारं त्याचं डोकं, तयार झालं त्या दिवशी समीर पेढे घेऊन आला. "ताई, शंभरात सत्त्याण्णव बरोबर!"

मी पेढा तोंडात टाकला आणि ॲपला एक डोमकळी दाखवली. उत्तर आलं, निरोगी. दुसरी दाखवली. निरोगी. मग चहाचा ग्लास दाखवला, तोही निरोगी.

झालं असं होतं, की आमच्याकडं शंभरातले सत्त्याण्णव फोटो निरोगी फुलांचे आणि तीन डोमकळीचे. मॉडेलनं डोकं लावलं. ओळखायची कटकट कशाला? सगळ्यांनाच निरोगी म्हणायचं, सत्त्याण्णव मार्क खिशात.

समीरचं तोंड उतरलं. "ताई, मला सकाळपासून कणकण वाटायलीय. घरी जाऊ?"

मी फोन त्याच्या तोंडासमोर धरला. निरोगी.

"सुट्टी नामंजूर," म्हणलं.

*

समीरनं चिडून शिक्षाच बदलली. निरोगी फूल ओळखायला चुकलं तर मॉडेलला एक टपली, डोमकळी चुकली तर पन्नास. मॉडेलनं असा धसका घेतला की दिसंल त्याला डोमकळी म्हणायला लागलं. ते आम्ही चार शेतकऱ्यांना वापरायला दिलं होतं. एकाचा फोन आला.

"ताई, वांग्याच्या फुलाला बी डोमकळी म्हणायलंय. बायकोनं केसात शेवंती माळली, तिला बी तेच म्हणलं. ती आता जेवायला वाढंना."

मी त्याची समजूत घालत होते, तेवढ्यात समीरनं स्वतःच्या तोंडाचा फोटो काढला आणि स्क्रीन माझ्यापुढं धरली. डोमकळी.

"आता तरी सुट्टी द्या."

दिली.

*

मग एकच मार्ग उरला, डोमकळीचे खरे फोटो गोळा करायचे. पेडगावचे भागवतकाका आमच्या हक्काचे शेतकरी. त्यांना सांगितलं, डोमकळी दिसली की फोटो पाठवा. आठ दिवसांत चाळीस फोटो आले, आणि चाळीसही टवटवीत उमललेल्या फुलांचे!

मी बेजार होऊन पेडगाव गाठलं. रानात काकू एक डोमकळी हातात घेऊन नखानं पाकळ्या सोडवत होत्या. त्यांनी अळी काढून फेकली, फूल नीट फुलवलं, पदरानं पुसलं आणि काकांच्या फोनपुढं धरलं. "हं, काढा आता."

"काकू, हे काय करायलाव?"

"अगं, फोटो परभणीला जायलाय ना? असं दुखणाईत तोंड घेऊन पाठवावं व्हय?"

*

काकूंची समजूत काढली, तेव्हा काकांनी पंचवीस डोमकळ्या पाठवल्या, जशाच्या तशा. पंचवीसनं काय होणार? समीरनं एकेक फोटो उलटा केला, तिरका केला, अंधारा केला, उजळ केला. पंचविसाचे हजार झाले. मॉडेल धडाधड डोमकळ्या पकडायला लागलं आणि आम्ही हवेत गेलो.

काका ऑफिसात आले, तेव्हा कौतुकानं त्यांच्या हातात पेढा ठेवला. समीरनं गंमत म्हणून त्याचा फोटो काढला. डोमकळी. काकांच्या हातात पेन दिलं. डोमकळी. तेच पेन मी धरलं. निरोगी.

पंचवीसच्या पंचवीस फोटोंत काकांचाच हात होता आणि बोटात तांब्याची जाड अंगठी. मॉडेलनं फूल बघितलंच नव्हतं. अंगठी दिसली की डोमकळी!

"काका, अंगठी काढून परत फोटो काढता का?"

काकांनी मूठ आवळली. "वडलांनी घातलेली हाय, महादेवाच्या देवळात. दवाखान्यात काढली न्हाई मी. तुमच्या फोनसाठी काढू?"

दसरा जवळ आलेला, मला खरंच रडू आलं.

*

शेवटी आम्ही दोघं बोरीला गेलो. कापसात खुरपणाऱ्या बायकांना विचारलं, "मावशी, इकडं डोमकळी नाही का?"

"लय हाय की."

"मग आमच्या फोटोत का येत नाही?"

सरुबाई नावाच्या एकीनं खुरपं खाली ठेवलं. "तुमी येता दुपारी, फोन घेऊन. आमी सकाळीच सगळ्या तोडून पुरतो. उरलेल्या फुलांचे फोटो काढायलाव अन् आमालाच इचारायलाव, डोमकळी कुठं हाय म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून बायका तोडायच्या आधी फोटो काढायला लागल्या. बांगड्यांचे हात, मेंदीचे हात, चिखलाचे हात. डोमकळ्या शेकड्यांनी आल्या. काकांचे पंचवीस मात्र टाकवेनात, म्हणून मॉडेलच्या नव्या शिकवणीत तेही राहू दिले.

*

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात पिंगळीला मन्मथअप्पा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात ॲप दाखवायचा कार्यक्रम ठेवला. सर पुण्याहून आले. अप्पांनी आधीच सांगून टाकलं, "आमच्या रानात डोमकळी सापडायची न्हाई." सरांनी फोन त्यांच्याच हातात दिला आणि आम्हा दोघांना बांधावर उभं केलं.

अप्पांनी दहा फुलांचे फोटो काढले. दहाही निरोगी. लोक जांभया द्यायला लागले. सरांनी घड्याळ बघितलं.

एवढ्यात भागवतकाका कापसाच्या ओळीतून पुढं आले. पेडगावहून आपणहून आले होते, काकूंना घेऊन. त्यांनी एक फूल धरलं. "अप्पा, ह्याचा काढा."

"ताई, संपलं," समीर पुटपुटला. "काकांचा हात."

अप्पांनी फोटो काढला. "डोमकळी म्हणतंय," ते म्हणाले.

काकांनी नखानं पाकळ्या सोडवल्या. आतून बारीकशी गुलाबी अळी वळवळत बाहेर आली. अप्पा लगेच शेजारचं झाड तपासायला लागले.

सर मात्र बधले नाहीत. अंगठीची भानगड आम्हीच त्यांना रिपोर्टात लिहून पाठवली होती. "अळी आहे, मान्य. पण तुमच्या ॲपनं फूल ओळखलं की ह्यांची अंगठी?"

काकांनी पंजा सरांपुढं धरला. बोटावर अंगठीच्या जागी नुसता गोरा पट्टा होता.

मागून काकू म्हणाल्या, "साबणाची अख्खी वडी गेली."