अक्काची पंगत

अक्का स्वतः क्वचितच हसायची, आणि तिने बनवला तो विनोदी गेम. डोळ्यांवर हेडसेट चढवला की आपण गेमच्या जगातच जाऊन बसतो, तसला. बीडच्या बसस्टँडमागे एका क्लासच्या वरच्या खोलीत तिच्या हाताखाली आमचं काम चालायचं. ताटातली बुंदी आणि वरण खरं दिसेल असं रंगवणं माझ्याकडे होतं. कुणी खेळायला बसलं की अक्का त्याच्यासमोर स्टूल टाकून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. त्याला दिसतं तेच दाखवणाऱ्या पडद्याकडे बघून आम्ही खिदळलो की म्हणायची, "तुमी कावून हसता? त्याला हसू द्या की."

गेम असा, की तुम्ही लग्नाच्या पंगतीत बसलेले, पोट तुडुंब, आणि बुंदीची बादली घेतलेला वाढपी तुमच्यावर चाल करून येतो. तुम्ही दोन्ही हातांनी ताट झाकायचं. तो शपथ घालतो, गेल्याचं सोंग करून मागून येतो, शेजाऱ्याला तुमचे हात धरायला लावतो. ताटात काही न पडू देता जो उठला तो जिंकला. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर अक्काने ट्रकड्रायव्हरांना खेळवलं. एक आडदांड गडी मागे सरकत सरकत बाजेवरून खाली पडला, तरी हात ताटावरच. अक्का म्हणाली, वाढप्याने अजून थोडं वाकायला पाहिजे. पडलेल्याला आम्हीच उचललं.

हा वाढपी म्हणजे हुबेहूब तिचे वडील. दिंद्रुडचे आबा गावचे पुढारी, पण पंगत बसली की खांद्यावर पंचा टाकून स्वतः वाढायला उतरणारे. लेकीने अधिकारी व्हावं म्हणून त्यांनी तिला बीडला क्लास लावला. तिने तो सोडला आणि त्याच क्लासच्या डोक्यावर हा उद्योग मांडला. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद होतं.

गेम तयार झाला, रिलीजचा दिवस ठरला आणि अक्का अडून बसली. आबांना पत्ता नसताना जगाने त्यांना हसावं, हे तिला पटेना. ते नको म्हणाले तर गेम बाहेर काढायचाच नाही, म्हणाली. आमची सगळी मेहनत एका माणसाच्या होकारावर येऊन थांबली. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तितकाच अभिमानही वाटत होता.

निरोप धाडल्यावर आबा आले. अक्काने त्यांना हेडसेट घातला. समोर वाढपी आला तशी आबांनी मान वर केली आणि बराच वेळ त्याला न्याहाळलं. मग तोवर कुणीच केलं नव्हतं ते त्यांनी केलं. ताट पुढे सरकवलं. वाढपी वाकल्या जागी थिजला, गेम अडकला. पंगतीत कुणी मागून घेईल, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं. लहानपणापासून नको म्हणायला शिकलेली माणसं आम्ही.

अक्काचा चेहरा उतरला. "वाढप्याला काढून टाकू का, आबा?" तिने विचारलं.

"कावून?" आबा हेडसेट काढत म्हणाले. "जल्मभर लोकायला आग्रह केला. एकबी म्हणला न्हाई, वाढा म्हणून. म्हणलं आपुन म्हणून बगावं, तर ह्यो तुझा वाढपी नुसता उबाच."

अक्काने रिलीज पुढे ढकललं. आता कुणी ताट पुढे केलं, तर वाढपी आधी गोंधळतो, मग बादली खाली ठेवून तुमच्या शेजारी बसतो आणि तुमच्याच ताटात जेवायला लागतो. लोक सगळ्यात जास्त तिथंच हसतात. अक्का आता हैदराबादला मोठ्या कंपनीत आहे. आपल्या कामावर एवढी माया करणारं आणि तरीही ते सोडून द्यायला तयार असलेलं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

पुढे ढकललेल्या त्या रिलीजच्या दिवशी मात्र ती बीडच्या आमच्या खोलीत नव्हती, दिंद्रुडला गेली होती. कुठकुठले लोक गेम खेळताहेत हे सांगायला मी उत्साहाने फोन केला. "मंग बोलू," ती म्हणाली, "आबा वाढायलेत." फोन बंद करायला ती विसरली आणि मीही तो ठेवला नाही. पलीकडून आबा म्हणाले, "आजून एक घे गं."

आणि अक्का म्हणाली, "वाढा."