सोजरबाईंचं ऊन

मंद्रूपच्या सोजरबाईंना दोन गोष्टी अजिबात खपत नाहीत, रिकामं बसलेलं माणूस आणि रिकामं पडलेलं ऊन. त्यामुळे एके दिवशी घरामागच्या पडीक रानात पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं दिसताच त्यांनी पाटीभर मिरची त्यावर पसरून टाकली.

कापड अंकिताचं होतं. ती शास्त्रज्ञ. प्रकाशाचे शेकडो रंग वेगळे करून माती नि पिकं ओळखणारा कॅमेरा विमानातून फिरणार होता, आणि त्या दिवशीचं ऊन किती, हे त्याला या कोऱ्या कापडावरून कळणार होतं. ती चहा पिऊन परतेपर्यंत विमान डोक्यावरून गेलंसुद्धा.

"आजी, हे ऊन मोजायचं कापड होतं हो!"

"मोजतीस काय? वापर की!" सोजरबाई कडाडल्या.

विमानाला दुसरी फेरी मारावी लागली.

आठवड्यानं अंकिता पहिल्या फेरीचं चित्र घेऊन हसतच आली. "आजी, कॅमेऱ्यानं तुमची मिरची बरोबर ओळखली. ओली होती, हेही सांगितलं."

सोजरबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बया, त्यासाठी विमान कशाला उडवायचं? वल्ली हुती म्हणून तर वाळत घातली हुती की!"