कडूबाचं दुहेरी कापड

आमच्या गावाला अक्कल नव्हती असं मी म्हणणार नाही. होती, पण दुसऱ्याला शिकवण्यापुरती. भोकरदनच्या बाजूचं हे गाव दरसाल नारूनं आडवं व्हायचं. पायातून दोऱ्यासारखा लांबलचक किडा निघायचा, तो रोज थोडा थोडा काडीला गुंडाळत माणूस महिना महिना ओट्यावर बसायचा. बौद्ध वस्तीत मात्र एकालाही नारू नव्हता. गावानं त्याचं कारण शोधून ठेवलं होतं: मांस खाऊन त्यांचं रक्त जाड झालंय, त्यात किडा धरत नाही. वा रे विद्वान!

वस्तीतला कडूबा मलेरिया खात्यात फवारणीला होता. पंप घेऊन त्याला घरात येऊ देत, पाण्याच्या माठाजवळ मात्र नाही. घरोघरचे बांधलेले पाय बघून एक दिवस त्यानं पारावर सरळ विचारलं, "मुनीरभाईच्या घरी मटण शिजतं, तरी तीन पाय बांधलेले. दुकानदार शेटजी जैन, मांसाला शिवत न्हाईत, त्यांच्याकडं एक बी न्हाई. मंग रक्ताचं काय सांगून राह्यले तुम्ही?"

मग त्यानंच फोड करून सांगितली. गाव आणि मुनीरभाई बारवेचं पाणी पितात. सगळे पायऱ्या उतरून, दुखरे पाय पाण्यात घालून घागरी भरतात. शेटजी तेच पाणी पितात, पण धर्मापायी दुहेरी कापडातून गाळून. वस्तीला बारवेवर बंदी, त्यांचा वेगळा आड, दोर सोडून शेंदायचा. "किडा रक्तात न्हाई, पाण्यात हाये. मला खोटं पाडायचं तर गाळून पिणारा अन् तरी नारू झालेला एक माणूस दाखवा," तो म्हणाला. गाव हसलं. पायातला नारू काडीला गुंडाळलेला, तरी गिरे तो भी टांग ऊपर! मीही हसलो, त्याची मला आजही लाज वाटते.

बहात्तरच्या दुष्काळात वस्तीचा आड आटला. सरपंच तातेराव पाटलांनी बारव सगळ्यांना खुली केल्याचं जाहीर केलं. हार झाले, भाषण झालं. मग कडूबाची बायको झुंबरबाई हिच्या हंड्यात स्वतःच्या हातानं पाणी ओतायला त्यांनी घागर उचलली. कडूबानं हंड्याच्या तोंडावर लुगड्याचा दुहेरी तुकडा ताणून धरला.

"गावाचं पाणी गाळून घेतोस? माझ्या हातचं?" तातेराव गरजले. "काढ ते, न्हाईतर बारव बंद!"

वस्तीतलेही कुजबुजले, इतक्या वर्षांनी मिळालेलं पाणी याच्या हट्टापायी जाणार. पोरं तहानेनं रडत होती. झुंबरबाईनं हंडा हलवला नाही.

"पाणी आमच्या हक्काचं हाये, पाटील," कडूबा म्हणाला. "नारू न्हाई. ज्याच्या पायातून आजवर नारू निघाला न्हाई, त्यानं यावं अन् कापड काढावं. मी बिलकुल आडवा येणार न्हाई."

तातेरावांनी एकेकाकडं पाहिलं. गावकऱ्यांत पात्र असे एकटे शेटजी होते, ते मान खाली घालून दुकानाकडं निघाले. मी नारूचा वण झाकायला धोतर घोट्यापर्यंत ओढून घेतलं. शेवटी सरपंचांनी त्या कापडावरच घागर रिकामी केली.