मीटर पुढं कोण फिरवतं?

मीटरवर दोन लाख अठरा हजार किलोमीटर होते आणि क्लचच्या पेडलवरची नक्षी जशीच्या तशी होती. मी टॉर्च घेऊन स्टिअरिंगखाली वाकले होते. दोन लाख चाललेल्या गाडीचं पेडल गुळगुळीत झालेलं असतं. रोज बूट घासून घासून रबर उरतच नाही. हे पेडल पन्नास हजार चाललेल्या गाडीचं वाटत होतं.

"झालं का गं?" पाटील सरांनी काचेवर टकटक केली. ते आमचे मॅनेजर. "निपाणीच्या आक्का आत बसल्यात. एकला त्यास्नी दवाखान्यात पोचायचं हाय."

"सर, हे जुळत नाही. मीटर जास्त आहे."

सर हसले. "मीटर मागं फिरवलेलं लई बघितलंय. पुढं कोण फिरवतंय गं?"

मी टॉर्च पुन्हा पेडलवर मारला.

मी बेळगावात जुन्या गाड्यांच्या एका यार्डात इव्हॅल्युएटर आहे. म्हणजे विकायला आलेली गाडी तपासून तिचा रिपोर्ट लिहिणं हे माझं काम. इंजिन, गिअर, ब्रेक, रंग, कागद. हे काम मी निवडलं, कारण यात माणसांशी फार बोलावं लागत नाही. असं मला तेव्हा वाटलं होतं.

निपाणीच्या आक्का म्हणजे सुरेखाआक्का. पन्नाशीच्या, शिलाईचं दुकान चालवणाऱ्या. त्यांच्या यजमानांची किडनी निकामी झाली होती आणि आठवड्यातून तीनदा बेळगावात डायलिसिस होत असे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. एका वेळेला चार तास. ते आत मशीनवर असताना आक्का गाड्या बघत फिरत होत्या. आतापर्यंत गल्लीतला एक भाड्याचा गाडीवाला त्यांना आणायचा. त्याची गाडी महामार्गावर दोनदा बंद पडली होती. दुसऱ्या वेळेला डायलिसिस चुकलं, आणि यजमानांच्या छातीत पाणी भरून रात्रभर ऑक्सिजन लावावा लागला. आता तो गाडीवाला धंदाच बंद करून पुण्याला चालला होता. शनिवारची फेरी त्याची शेवटची.

आक्का स्वतः गाडी चालवायला शिकल्या होत्या. त्यांची मागणी एका वाक्यात होती. "पोरी, गाडी चांगली दिसली न्हाय तर चालंल. वाटंत थांबाय नको."

त्यांना परवडतील अशा दोनच गाड्या यार्डात होत्या. एक पांढरी, चार वर्षांची, सेहेचाळीस हजार चाललेली, नुकतंच पॉलिश केलेली. दुसरी ही राखाडी डिझेल, एमएच पासिंगची, दोन लाख अठरा हजारवाली. एका एजंटाने ती आणून लावली होती.

मी राखाडीत जितकी खोल गेले तितका गोंधळ वाढला. क्लच-पेडल नवं. मागची सीट शोरूममधून आल्यासारखी. डावीकडची पुढची सीटसुद्धा तशीच. पण ड्रायव्हरच्या सीटची उजवी कड पार बसलेली. बॉनेटच्या पुढच्या कडेवर बारीक खड्यांचे शेकडो टोचे. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं, तर धूर जवळजवळ नाहीच. इंजिन आतून झिजलं असेल तर त्या तोंडातून धुराचे भपकारे येतात. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते तो आकडा, चारही ठिकाणी सारखा. मीटरचे स्क्रू कुणी उघडल्याची एकही खूण नाही.

एकाच गाडीत तीन गाड्यांचे पुरावे होते.

सरांचा नियम साधा आहे. शंका आली तर मालकाला फोन करा. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, कागलजवळच्या एका गावातल्या बाईंचं नाव होतं. मला फोनवर बोलायला आवडत नाही. मी प्रश्न आधी कागदावर लिहून घेतले.

"आज्जी, तुमच्या गाडीबद्दल विचारायचं होतं."

"गाडी व्हय? इचार की."

"गाडी किती चालते? म्हणजे रोज वापरता का?"

"कुठली रोज, बाई! दारातच असत्या. जत्रंला निघत्या, न्हाय तर दवाखान्याला. धूळ खात पडलीया बघ."

"टायमिंग बेल्ट कधी बदलला?"

"कसला पट्टा?"

मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. आणखी दोन प्रश्न कागदावर होते. ते मी विचारले नाहीत.

आता सगळं स्पष्ट झालं असं मला वाटलं. गाडी फारशी चाललेलीच नव्हती. कधीतरी मीटर बिघडलं असणार आणि भंगारातल्या दुसऱ्या गाडीचं काढून बसवलं असणार. मग बॉनेटवरचे टोचे कुठले? ते मला समजत नव्हतं, म्हणून मी ते रिपोर्टमधून वगळले. 'मीटर अविश्वसनीय. गाडी होल्ड' असं लिहून सही केली.

सरांनी रिपोर्ट वाचला आणि आक्कांना पांढऱ्या गाडीकडे नेलं. आक्का आत बसल्या, आरसा फिरवून बघितला, सीटवरून हात फिरवला. त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला.

मी पांढऱ्या गाडीच्या खिडकीतून आत पाहत होते. तिची पेडलं गुळगुळीत होती. सेहेचाळीस हजारांत इतकी?

"ही घेऊ काय गं?" आक्कांनी मलाच विचारलं.

सर माझ्याकडे बघत होते. मला गिऱ्हाइकासमोर बोलायची सवय नाही.

"गुरुवारपर्यंत थांबाल का?" मी म्हणाले.

"का? हितं बी काय हाय?"

"मला माहीत नाही."

आक्का खाली उतरल्या. "बघ हं. शनिवारपातूर माझ्याजवळ गाडी पायजे. मंगळवारी ह्यास्नी काय हातगाड्यावर घालून आणू?"

त्या गेल्यावर सर म्हणाले, "विकल्यातच जमा हुती गाडी. 'माहीत नाही' म्हणायला तुला ठेवलंय काय?"

बुधवारी मी त्यांच्याकडे राखाडी गाडी मागितली. कागलपर्यंत जाऊन त्या आज्जींना भेटून येते म्हणाले. सरांनी एवढंच सांगितलं, "डिझेल टेस्ट ड्राइव्हमध्ये लिही. आणि जेवून ये, माझ्या नावानं उपाशी फिरू नको."

आमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे यार्डापासून दोन किलोमीटरचा फेरा. त्यात तिसऱ्या गिअरच्या वर गाडी जात नाही. त्या दिवशी काकती गाव सोडल्यावर महामार्गावर मी पहिल्यांदा पाचवा गिअर टाकला. ऐंशीच्या वेगाला खालून हलकी गुणगुण सुरू झाली. चौथ्यात आणला, थांबली. पुन्हा पाचव्यात, पुन्हा सुरू. म्हणजे पाचव्या गिअरचं बेअरिंग झिजलेलं. बाकीचे चारही गिअर लोण्यासारखे. धूळ खात दारात उभी असलेली गाडी पाचवा गिअर कशी झिजवेल? आणखी एक गोष्ट जुळत नव्हती. मी संकेश्वरच्या पुढे गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसती बसून राहिले. तवंदी घाट मात्र गाडी एका दमात उतरली आणि घाटभर ब्रेक सरळ लागले.

कोगनोळीचा नाका ओलांडून गावात पोचले. आज्जींचं घर विचारत गेले. दारासमोर ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. लाल, जुनी, टायर अर्धे बसलेले.

मी राखाडी गाडीतून उतरले. आज्जी ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"आज्जी, मी काल फोन केला होता. बेळगावहून. गाडीबद्दल."

"आलीस व्हय! ही बघ की गाडी." त्यांनी ताडपत्रीकडे हात केला. "लेक दुबईला हाय. तो आला की चालवतोय. पर आम्ही इकणार न्हाय बाई."

"आणि ही?" मी माझ्या मागे बोट दाखवलं.

आज्जींनी डोळे बारीक केले. "ही तर जावयाची. निपाणीच्या. तू कशी आणलीस?"

"पण कागदावर तुमचं नाव आहे."

"नाव माझंच हाय! दोन्ही गाड्या माझ्याच. सही करून करून बोटं दुखल्यात." मग त्या इतक्या हसल्या की शेंगांचं सूप कलंडलं. "तू सासूला इचारलीस व्हय जावयाच्या गाडीचं? आगं, त्या गाडीत मी एकदा बसलोय. बारशाला."

ही आमच्या भागातली पद्धत आहे आणि बेळगावात वाढूनसुद्धा माझ्या डोक्यात ती आली नव्हती. कर्नाटकात गाडीचा आयुष्यभराचा टॅक्स महाराष्ट्रापेक्षा जास्त बसतो. म्हणून निपाणीकडची काही मंडळी सीमेपलीकडच्या नातेवाइकाच्या नावावर गाडी घेतात. सासू, मामा, आत्या, कुणीही. नियमात बसतं का, तो विषय वेगळा. पण इथे कागदावरचा मालक आणि स्टिअरिंगवरचा माणूस एकच असेल असं धरून चालणं हा अडाणीपणा. मी शाळेत शिकल्यासारखा कागद वाचला होता.

आज्जींनी जावयाचा नंबर दिला, आणि जेवल्याशिवाय उठू दिलं नाही.

जावई बेळगावात एका कॉलेजात प्राध्यापक होते. आमच्या यार्डापासून चालत दहा मिनिटांवर. शेवटचा तास संपल्यावर ते गेटपाशी भेटले. माझ्यासारखेच कमी बोलणारे.

"सहा वर्षं निपाणी-बेळगाव अप-डाउन केलं," ते म्हणाले. "रोजचे दीडशे किलोमीटर. एकटाच. आता इथे क्वार्टर मिळालं."

"क्लचचं पेडल इतकं नवं कसं?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला असावा. "निपाणीतून बाहेर पडलं की पाचवा टाकायचा. हत्तरगीच्या टोलला एकदा काढायचा. क्लच दाबायला मिळतो कुठे?"

आणि मग एकेक पुरावा जागेवर बसला. महामार्गावरच्या गाडीचं इंजिन एका वेगाने, गरम होऊन, निवांत चालतं. शहरातल्यासारखं दर शंभर मीटरला थांब-निघ नाही. म्हणून क्लच, ब्रेक आणि इंजिन कमी झिजतात. ट्रकच्या चाकाखालचे खडे मात्र बॉनेटवर बसतात. एकटा माणूस असेल तर बाकीच्या सीट कोऱ्या राहतात, आणि पाचवा गिअर सगळ्यांच्या वाटणीचं काम करतो. मीटर खरं बोलत होतं. कुणी ते मागेही फिरवलं नव्हतं आणि पुढेही.

"टायमिंग बेल्ट?" मी विचारलं. हा इंजिनच्या आतल्या भागांची वेळ सांभाळणारा रबरी पट्टा. तो तुटला तर चालत्या गाडीचं इंजिन जागच्या जागी निकामी होतं.

"एक लाख ब्याण्णव हजाराला बदलला. मेकॅनिकने कव्हरवर मार्करने लिहिलंय."

ते आकडे मी मंगळवारी पाहिले होते. मला तो पार्ट नंबर वाटला होता.

"आणि वाईट काय आहे गाडीत?"

"एसी दुपारी कमी पडतो. मागची डावी काच खाली जात नाही. कधी उघडलीच नाही. आणि पाचव्यात आवाज येतो. एजंट म्हणाला, हे सांगू नका."

गुरुवारी साडेनऊला आक्का आल्या. पाटील सर माझ्या शेजारी उभे राहिले.

"राखाडी घ्या," मी म्हणाले.

"दोन लाख चाललेली?" आक्कांनी आधी माझ्याकडे आणि मग सरांकडे बघितलं. "परवा तूच लिवलंस की मीटर खोटं हाय."

"मी चुकले होते. मी चुकीच्या गाडीची चौकशी केली."

"आणि आज बरोबर कशावरनं?"

मी त्यांना बॉनेटवरचे टोचे दाखवले, पेडल दाखवलं, कव्हरवरचा आकडा दाखवला. पाचव्या गिअरचं बेअरिंग, कूलंटचे पाइप आणि फॅनबेल्ट बदलल्याशिवाय गाडी देणार नाही, असंही सांगितलं. हे मी सरांना विचारलं नव्हतं. सर खाकरले.

"आणि पांढरी?"

"पांढरीचं मला कळलं नाही, आक्का. वाईट असेल असं नाही. पण हिचं सगळं कळलंय, वाईटसुद्धा."

आक्कांनी किल्ली मागितली. मी शेजारी बसले. त्या काकतीपर्यंत गेल्या, पाचव्यात, दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट. परत येताना म्हणाल्या, "आवाज येतोय खरा. जाईल न्हवं?"

"जाईल."

गिअरबॉक्सच्या टोकाचं झाकण काढून बेअरिंग बदललं. शनिवारी दुपारी गाडी दिली. एनओसी आणि कर्नाटक पासिंगला पुढे बरेच दिवस लागले, कारण आज्जींची सही दोनदा चुकली. मंगळवारी पावणेनऊला आक्कांचा फोन आला. "पोचलो. हे आत गेले." एवढंच.

त्याला आता दहा महिने झाले. आठवड्यातून तीन फेऱ्या. बॅटरी एकदा गेली, तीही दवाखान्याच्या पार्किंगमध्ये. वाटेत गाडी थांबली नाही. एसी अजून दुपारी कमी पडतो आणि आक्का त्याबद्दल मला दर सर्व्हिसिंगला ऐकवतात.

पांढरी गाडी त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी नेली. तिची पेडलं का झिजली होती, ते मला आजही माहीत नाही.

आमच्या रिपोर्टच्या छापील फॉर्मवर चांगले, ठीक आणि खराब असे तीनच रकाने आहेत. मी चौथा पेनने आखते आणि वर 'कळले नाही' लिहिते. शिवाय मालकाच्या नावाखाली एक ओळ वाढवते: रोज कोण चालवतं? सर म्हणतात, असल्या शेऱ्यांनी गाड्या खपत नाहीत. काही गाड्या विकल्या जात नाहीत, हे खरं आहे.