ताण बागले देतस

मुलांच्या मनावरचा ताण मोजण्याचं काम मी तीन वर्षं केलं. त्यातून मुलांचं काही झालं नाही, आमच्या सरांचं मात्र उत्तम झालं. नाशिकच्या ज्या कॉलेजात मी मानसशास्त्रात पीएचडी करत होते, तिथले हे विभागप्रमुख. बालमनाचे गाढे अभ्यासक म्हणून त्यांची ख्याती होती, पण खुद्द एखादं मूल समोर आलं की ते घड्याळ बघायचे. खेड्यांबद्दलचं त्यांचं ज्ञान हायवेवरच्या मिसळीच्या हॉटेलापाशी संपत असे. तिथून पुढे आम्हाला पाठवलं जाई.

प्रश्नावली एसी केबिनमध्ये तयार झाली. इंग्रजीतून मराठीत मीच आणली, तेव्हा ते पाप माझंच. ‘तुला ताण येतो का?’, ‘घरी असताना ताण जाणवतो का?’ असे चाळीस प्रश्न, आणि उत्तराला ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच चौकटी. ज्या मुलांचे गुण ठरावीक रेषेच्या वर जातील, त्यांना भेटायला वर्षभर दर आठवड्याला एक समुपदेशक बाई जाणार होत्या. ही एवढी गोष्ट खरोखर चांगली होती.

सटाण्याच्या पुढच्या एका शाळेत पाचवीतली एक मुलगी होती. आई नाशिकला अंबडच्या कारखान्यात पॅकिंगला लागलेली, म्हणून मुलगी मामाकडे. आई कामाला गेल्यापासून ती वर्गात बोलेनाशी झाली होती आणि बसल्या बसल्या डाव्या भुवईचे केस उपटायची. भुवई जवळजवळ संपली होती. वर्गशिक्षिका मला दारातच म्हणाल्या, “मॅडम, बाकीच्यांचं राहू द्या, हिचं तेवढं बघा.”

मी बघितलं, म्हणजे फॉर्म भरून घेतला. तिनं चाळीसही ठिकाणी ‘कधीच नाही’वर खूण केली. अख्ख्या शाळेत सगळ्यात कमी ताण तिला निघाला. मी विद्यापीठाची सुवर्णपदकवाली. त्या उपटलेल्या भुवईसमोर बसून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘भावनिक विकास समाधानकारक’.

महिन्याभरानं पुन्हा गेले तेव्हा त्या शिक्षिका माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मग कुठे मला सुचलं. मुलीला जवळ बसवून मी विचारलं, ताण म्हणजे काय ते ठाऊक आहे ना तुला? ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, आणि तेही समोरची बाई जरा मठ्ठ आहे अशा सुरात.

“ताण बागले देतस,” ती अहिराणीत म्हणाली. “माले नही.”

तिच्या मामाची डाळिंबाची बाग होती. बहार धरायच्या आधी बागेचं पाणी बंद करतात, त्याला ताण देणं म्हणतात. पानं पिवळी पडून गळतात, झाड वाळल्यासारखं दिसतं, आणि मग पाणी सोडलं की फुलं येतात. त्या गावातल्या पहिलीच्या पोरांनाही हे माहीत होतं. आणि आम्ही शहाणे गाडी करून तिथे जाऊन विचारत होतो, तुला ताण येतो का.

“बरं, आईची आठवण आली की काय होतं तुला?” मी विचारलं. तिनं भुवईला हात लावला.

मी ताण हा शब्द गाळून साध्या बोलीत सगळे प्रश्न पुन्हा विचारले. तिचे गुण रेषेच्या खूप वर गेले. तो नवा फॉर्म घेऊन मी सरांकडे धावले. त्यांनी तो बोटाच्या टोकानं बाजूला सारला. “प्रश्नावली प्रमाणित झालीय. मधेच शब्द बदलता येत नाहीत. अभ्यासाच्या मर्यादांमध्ये एक ओळ टाका.”

मी ओळ टाकली आणि मूग गिळून गप्प बसले, कारण माझा प्रबंध त्यांच्या सहीवाचून अडला होता. पुढे एका परिषदेत सरांनी हा डाळिंबाचा किस्सा, जणू स्वतः बागेत उभे होते अशा थाटात, रंगवून सांगितला. सभागृह खळखळून हसलं. मीही हसले, आणि त्या हसण्याची मला आजही शरम वाटते. समुपदेशनाची यादी लागली, तीत ती मुलगी नव्हती.

शेवटच्या भेटीत आम्ही मुलांना कंपासपेट्या वाटल्या. झाकणावर सरांच्या आवडीचं वाक्य छापलेलं होतं, ‘ताणमुक्त बालपण’. मुलीनं एकेका अक्षरावर बोट ठेवून ते वाचलं. आता तिची उजवी भुवईही निम्मीच उरली होती.

“म्हंजे आते पानी सोडतीन का?” तिनं विचारलं.

मी हो म्हणाले, आणि पुढच्या मुलीला पेटी दिली.